फणेरपेटी, धोकटी आणि न्हाणीघरातले कपाट

बेसिनखाली बसवायच्या लाकडी कपाटाला मराठीत अजून स्वतःचे नाव मिळालेले नाही. सुतार त्याला व्हॅनिटी म्हणतो, दुकानदारही व्हॅनिटी म्हणतो आणि घरमालक दोन भेटींत तोच शब्द उचलतो. इंग्रजीत हा शब्द मुळात दोष दाखवणारा. रूपाचा पोकळ अभिमान हा त्याचा एक अर्थ, आणि त्याहून जुना अर्थ म्हणजे ऐहिक गोष्टींची निरर्थकता. विसाव्या शतकात अमेरिकेत आरशाच्या टेबलाला हे नाव चिकटले आणि तिथून ते न्हाणीघरात शिरले. आपल्याकडे आरशासमोर बसण्याला शृंगार म्हणत. सोळा शृंगार मोजताना कोणाला त्यात पोकळ काही वाटले नाही. धाक आणि बंदी होती ती वेगळ्याच ठिकाणी. शृंगार कोणी करायचा आणि कोणी करायचा नाही, हे ठरवण्यात ती होती.

हा लेख त्या कपाटाविषयी आहे, विशेषतः दोघांनी मिळून वापरायच्या न्हाणीघरातल्या कपाटाविषयी. बंगळूरच्या बनशंकरीसारख्या भागात आज अशी कपाटे घराघरांत मापे घेऊन करून घेतली जातात. तीस-चाळीसच्या साइटवरचे जुने बैठे घर पाडून तीन मजले उभे राहतात आणि झोपण्याच्या प्रत्येक खोलीला जोडून एक न्हाणीघर येते. सुतार टेप लावतो आणि विचारतो, बेसिन एक की दोन? खण कोणाला किती? आरसा एकच लांब की दोन वेगळे? प्रश्न नुसत्या मोजमापाचे वाटतात. पण मराठी घराच्या इतिहासात थोडे मागे गेले की कळते, हे प्रश्न विचारण्याची वेळच आपल्यावर फार उशिरा आली. आपल्या जुन्या घरात नवराबायकोचा आरसा एक नव्हताच.

बायकोचा आरसा फणेरपेटीत असे. फणी जिच्यात राहते ती फणेरपेटी. सागाची किंवा शिसवीची, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या मारलेली, मांडीवर घेता येईल एवढी ही पेटी. झाकणाच्या आतल्या अंगाला आरसा बसवलेला असे आणि झाकण उघडून तिरपे उभे केले की समोर बसणाऱ्या बाईला तोंड दिसे. आत लहानलहान कप्पे असत. कुंकवाचा करंडा, कुंकवाखाली लावायचे मेण, काजळाची डबी, फणी, केस बांधायचे आगवळ, एखादे गंगावन यांची जागा त्यांत ठरलेली असे. कित्येक पेट्यांना कडी-कोयंडा असे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या घरगुती वस्तूंच्या दालनांतून फिरताना करंडे, फण्या आणि पाय घासायच्या पितळी वज्ऱ्या पाहिल्या की एक गोष्ट चटकन लक्षात येते. कारागिराने आपले सगळे कसब तळहाताएवढ्या वस्तूंवर खर्च केले आहे. घर मोठे, माणसे पुष्कळ, आणि त्यात बाईच्या वाट्याला आलेली स्वतःची जागा एवढीच. वाड्यातल्या सुनेला खोली नव्हती. कपाट, मेज, खुर्ची यांपैकी काही नव्हते. पेटी मात्र होती.

पुरुषाचा आरसा घरात नसेच. तो न्हाव्याच्या धोकटीत असे. न्हावी बारा बलुतेदारांपैकी एक. ठरल्या दिवशी तो ओसरीवर येई, धोकटी सोडी, वस्तरा, कातर, नराणी आणि पाण्याची वाटी मांडी, काम झाले की लहानसा आरसा यजमानाच्या हाती देई. यजमान त्यात डोकावून मान हलवी आणि आरसा परत धोकटीत जाई. मोबदला वर्षाच्या सुगीला धान्याच्या रूपाने. म्हणजे पुरुषाचा शृंगार दुसऱ्याच्या हाताने, घराच्या दर्शनी भागात, चार लोकांच्या देखत होई. बाईचा शृंगार तिच्या स्वतःच्या हाताने, माजघराच्या कोपऱ्यात, जमिनीवर बसून होई. घरात दोन आरसे वापरले जात आणि त्यांच्यामध्ये अख्खा वाडा असे.

दोन्ही आरसे पाण्यापासून दूर असत, हेही ध्यानात ठेवण्यासारखे. पाण्याची जागा घराच्या मागच्या अंगाला. न्हाणी किंवा मोरी, तिच्याजवळ तांब्याचा बंब किंवा चुलीवरचा हंडा, घंगाळ आणि तांब्या. सांडपाणी परसातल्या अळवाला नाहीतर केळींना जाई. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजच्या तलावातून दगडी नळाने शहरातल्या हौदांत पाणी आले. पण हौदातून घरात ते घागरींनीच येई. पाणी घरातल्या सगळ्यांचे, त्यामुळे त्याला रांग होती आणि रांगेला मानापानाची उतरंड. कोणी आधी न्हायचे, कोणाला कोणाचा ओला स्पर्श चालत नाही, हे सोवळ्याच्या नियमांनी ठरे. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’च्या आरंभी आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन केले आहे. बाहेरून आलेली वस्तू धुऊन घेण्याचा त्यांचा हट्ट वाचताना हसू येते. ते पाणी भरणाऱ्या आणि धुणाऱ्या बायकांचे हात आठवले की मग ते हसू मावळते.

ओल्या जागेत लाकूड नको, असे आज आपण सहज म्हणतो. जुन्या न्हाणीत लाकूड होते. तो न्हायचा पाट. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगाला ज्यावर बसवतात तो पाट एरवीही कित्येक घरांत रोजच्या वापरात असे. त्याच्यावर कढत पाणी पडे, तेल पडे, उटणे पडे, तरी तो पिढ्यान्‌पिढ्या टिके. त्याचे रहस्य दोन गोष्टींत होते. खाली दोन आडव्या पट्ट्या असल्यामुळे तो जमिनीला चिकटून बसत नसे, आणि न्हाणे झाले की कोणीतरी तो भिंतीला उभा लावून ठेवी. पाणी निथळे, वारा लागे, लाकूड वाळे. लाकडाला पाणी मारत नाही, कोंडलेले पाणी मारते. न्हाणीघरातल्या कपाटाचा सगळा तांत्रिक विचार या एका वाक्यात मावतो आणि तो पाटाने आपल्याला आधीच शिकवलेला आहे.

फणेरपेटीचा इतिहास मात्र इतका निर्मळ नाही. पेटी बाईची खरी, पण ती तिची कोणत्या अटीवर? नवरा जिवंत असण्याच्या. ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या घरांत नवरा गेला की कुंकू पुसले जाई, केस उतरवले जात आणि फणी, आगवळ, करंडा या साऱ्या वस्तू एका दिवसात निरुपयोगी होत. जी एकच जागा तिची म्हणून होती ती बंद होई. आणि ते केस उतरवायला जो येई तो न्हावीच. ओसरीवरची धोकटी अशा दिवशी मागच्या दाराने आत येई. दोन पेट्यांची गाठ पडण्याचा घरातला प्रसंग बहुधा हा एकच.

१८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’त या अटीवरच बोट ठेवले. नवरा मेल्यावर बाईने विद्रूप होऊन तोंड लपवायचे, तर बायको मेल्यावर पुरुषाने मिशा भादरून रानात का जाऊ नये, असा त्यांचा रोकडा सवाल होता. पुढे १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी सभा घेतली आणि विधवांचे केशवपन आपण करणार नाही असे ठरवले. सुधारणेच्या इतिहासात या सभेचा उल्लेख येतो तो सत्यशोधक विचाराच्या कामगिरीचा एक भाग म्हणून. घरातल्या वस्तूंच्या इतिहासातही तिला जागा द्यायला हवी. ज्यांच्या हाती धोकटी होती त्यांनी ती उघडायला नकार दिला. त्यामुळे लगेच फणेरपेट्या उघडल्या असे नाही. ती प्रथा पुढेही बरीच वर्षे चालली. पण आरसा कोणाचा, हा प्रश्न त्या दिवशी उघड सभेत आला.

नवराबायको एका आरशासमोर आले ते यानंतरच्या काही दशकांत, आणि त्यांना तिथे आणले ते तीन साध्या गोष्टींनी: नळ, पाते आणि साबण.

नळ पहिला. मुंबईला १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी आले. बंगळूरला १८९४ मध्ये हेसरघट्ट्याचे, मग १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचे आणि १९७४ मध्ये कावेरीचे. पाणी दाबाने नळातून येऊ लागले तेव्हा न्हाणीला परसात राहण्याचे कारण उरले नाही. ती घरात आली, मग वरच्या मजल्यावर गेली. दुसरी गोष्ट सुरक्षित वस्तऱ्याची. किंग कँप जिलेट याला बदलत्या पात्याच्या वस्तऱ्याचे पेटंट १९०४ साली मिळाले आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या सामानात हा वस्तरा पोहोचला. जिथे जिथे तो गेला तिथे पुरुष स्वतःची दाढी स्वतः करू लागला. आपल्याकडेही हळूहळू पगारदार माणूस न्हाव्याची वाट न पाहता सकाळी सातला खिडकीत आरसा टांगू लागला. न्हाव्याच्या बलुत्याला आणखी एक खिंडार पडले आणि घरात पहिल्यांदा पुरुषाचा स्वतःचा आरसा आला. तिसरी गोष्ट साबण. १९१६ साली म्हैसूर संस्थानाने बंगळुरात सरकारी साबण कारखाना काढला आणि तिथला चंदनाचा साबण पुढे मराठी घरांतही मानाने वापरला गेला. शिकेकाई आणि उटणे दर वेळी कुटून, कालवून घ्यायचे असे. साबणाची वडी, दाढीचा ब्रश, दातांची ट्यूब या मात्र रोज तिथेच राहणाऱ्या वस्तू. त्यांना पाण्याजवळ कायमची जागा लागते.

ही जागा आधी मिळाली ती फळीच्या रूपाने. मुंबईच्या चाळीतल्या खोलीत मोरीच्या वर किंवा दाराजवळच्या खिळ्याला एक आरसा आणि त्याच्याखाली वीतभर रुंदीची फळी असे. तिच्यावर सगळ्या घराचा संसार मांडलेला. एक कंगवा, एक तेलाची बाटली, वडिलांचे दाढीचे सामान, आईची पावडर आणि कुंकवाची कुपी, मुलांचे दंतमंजन. फळीला ना दार ना कप्पा. सकाळी त्या एका आरशासमोर पाळी लागे. फणेरपेटी ट्रंकेत गेली, नंतर माळ्यावर. सगळ्यांचे सगळे उघड्यावर आले. एका अर्थी ही समता होती. पण बाईची जी एक लहानशी खाजगी जागा होती तीही तिच्यात विरघळली, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. कोणी ती हिरावून घेतली नव्हती. नव्या घराच्या आराखड्यात तिला खाना नव्हता, एवढेच.

पश्चिमेत याच वस्तूचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. तिथे तोंड धुण्याचे सामान प्रथमपासून लाकडाच्या मेजावर होते. लंडनचा टॉमस चिपेंडेल याने १७५४ मध्ये फर्निचरच्या नमुन्यांचे प्रसिद्ध पुस्तक काढले. त्याच्या पिढीतले कारागीर दाढीची मेजे आणि कुंडाची तिवई अशा वस्तू उमरावांसाठी घडवत. कुंड आणि सुरई नोकर आणून ठेवी आणि पाणी फेकायलाही तोच नेई, म्हणून ही सुबक मेजे शयनगृहात राहू शकत. आपल्याकडे बंगल्यांतून गोऱ्या साहेबाने हेच केले. नळ आणि निचऱ्याची नळी आल्यावर हे मेज भिंतीला खिळले. मग काही काळ लाकूड हद्दपार झाले. रोगजंतूंच्या धसक्याने पांढरी चिनी माती आणि उघड्या नळ्या हेच आरोग्याचे चिन्ह ठरले. लाकूड परत आले ते रसायनांच्या पाठीवर बसून. १९१२ मध्ये अमेरिकेत फॉर्मायका तयार झाली. राळेत भिजवलेल्या कागदाचा तो कडक, पाणी न पिणारा पत्रा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी उपनगरांत लाखो घरे बांधली गेली तेव्हा बेसिनखालच्या नळ्या झाकणारे, वर असा पत्रा चढवलेले कपाट सर्रास झाले. आपल्याकडे हाच पत्रा सनमायका या व्यापारी नावाने आला आणि नाव इतके रुळले की मराठीत ते आता सामान्यनाम आहे. तिकडे जोडप्यासाठी दोन बेसिनांची टूमही निघाली, एक त्याचे आणि एक तिचे.

त्या न्हाणीघराचे इंग्रजी नावही पाहण्यासारखे आहे. घरातल्या मोठ्या शयनगृहाला आणि त्याच्या न्हाणीघराला मास्टर म्हणत. २०२० साली अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराच्या घरदलालांच्या संघटनेने आपल्या याद्यांतून हा शब्द काढून प्रायमरी हा शब्द घातला, कारण मास्टर म्हणजे धनी आणि तिथल्या धन्याला गुलामगिरीचा वास. बंगळूरच्या नकाशांत अजून मास्टरच चालतो. शब्द कोणताही असो, खोलीत एक धनी गृहीत धरलेला आहे. राहतात मात्र दोघे.

आता बनशंकरीकडे. बंगळूरच्या दक्षिणेला कनकपुरा रस्त्यावर बनशंकरी देवीचे देऊळ १९१५ साली झाले आणि पुढे त्याच्या नावाने सारा परिसर ओळखला गेला. देवीचे मूळ स्थान बदामीजवळ. बन म्हणजे वन, वनात राहणारी शंकरी. तिलाच शाकंभरी म्हणतात आणि कित्येक मराठी घराण्यांची ती कुलदेवता आहे. पौषात बदामीला तिची जत्रा भरते. नाटक कंपन्यांचे तंबू पडतात आणि नक्षीदार लाकडी दारे, चौकटी विकायला मांडलेल्या असतात. नवे घर बांधणारा शेतकरी तिथून चौकट घेऊन जातो. वनदेवीच्या दारी लाकूड घ्यायचे, यात विसंगती कोणाला वाटत नाही, कारण त्या चौकटीवरून घराच्या तीन पिढ्या जाणार असतात.

बंगळूरमधली बनशंकरी वसली ती योजनेने. १८९८ च्या प्लेगनंतर दाट पेठेतून लोक बाहेर पडले आणि बसवनगुडी, मल्लेश्वरम या रुंद रस्त्यांच्या, हवेशीर वसाहती भरल्या. बसवनगुडीच्या दक्षिणेला पुढे तोच विस्तार चालू राहिला. आधी १९४५ मध्ये स्थापन झालेल्या नगरसुधार मंडळाने आणि १९७६ पासून बंगळूर विकास प्राधिकरणाने टप्प्याटप्प्याने लेआउट पाडले. पहिली स्टेज, दुसरी, तिसरी. शहाजीराजांच्या जहागिरीपासून मराठी माणूस बंगळुरात आहे, पण या लेआउटांत आलेला मराठी माणूस बेळगाव-धारवाडकडून किंवा पुण्या-मुंबईहून नोकरीच्या मागे आलेला. आधी सरकारी कारखान्यांत, नंतर संगणकाच्या कंपन्यांत. त्याच्या बैठ्या घरात एकच न्हाणीघर आणि वेगळा संडास असे. बाहेरच्या भिंतीला बेसिन, त्याच्यावर आरसा. चाळीतली फळीच, फक्त मोझॅकच्या भिंतीवर. आज तेच घर पाडून त्याची मुले नवे बांधतात तेव्हा बेसिनखाली लाकडाचे कपाट हवे असते.

लाकूड कोणते, हा प्रश्न इथे जुनाच. सागाची कीर्ती पाण्यावरच झालेली आहे. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारच्या सागाची ट्रिंकोमाली नावाची युद्धनौका बांधली गेली. ती अजून इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात तरंगते आहे. सागात मुळातच तेल असते, म्हणून तो ओल आणि वाळवी दोन्ही सोसतो. त्याहीआधी, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणी लाकडाचा विचार आला आहे. साग, शिसव अशी झाडे हुजूरच्या परवानगीने तोडावी, कमी पडेल ते बाहेरून विकत घ्यावे. आंबा आणि फणसाला मात्र हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा त्याचा भाव. घरासाठी लाकूड निवडणाऱ्याने आजही हे प्रकरण वाचावे. झाडाची उपयुक्तता आणि झाड कोणाचे, हे दोन प्रश्न त्यात एकत्र विचारलेले आहेत.

दांडेलीच्या सागाचे नाव बेळगावकडच्या सुतारांच्या तोंडी अजून आदराने येते. बंगळुरात म्हैसूर रस्त्यावरच्या टिंबर यार्ड लेआउटमध्ये ओंडके, फळ्या आणि परदेशी सागही मिळतो. पण अख्खे कपाट भरीव सागाचे करणे आज थोड्यांनाच परवडते, आणि तसे करण्याची गरजही नाही. भरीव लाकूड हवेतल्या ओलाव्याने रुंदीत फुगते आणि आकसते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून जाणता सुतार दाराची चौकट सागाची करतो आणि मधले पॅनेल खोबणीत मोकळे ठेवतो, डिंकाने जखडत नाही. जखडले तर पावसाळ्यात चौकट फाकते. कपाटाचा सांगाडा प्लायवूडचा. प्लायवूड भारतात प्रथम खपले ते चहाच्या खोक्यांसाठी आणि फर्निचरला ते फार नंतर लागले. बंगळूर तर लाकडाच्या अभ्यासाचेच गाव आहे. म्हैसूर संस्थानाने १९३८ मध्ये इथे वनसंशोधनाची प्रयोगशाळा काढली, तिचीच पुढे मल्लेश्वरममधली लाकूड विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था झाली. बाजारात ज्याला मरीन प्लाय म्हणतात त्याला आयएस ७१० हे मानक लागते. त्याच्या कसोटीत तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि तरी त्याचे थर सुटता कामा नयेत. पण कसोटी तुकड्याची असते. घरातल्या प्लायची कड उघडी राहिली आणि नळीसाठी पाडलेल्या भोकाची कड मेणाने किंवा पॉलिशने बंद केली नाही, तर पाणी तिथूनच आत जाते. आपण न्हाणीघर बादलीने पाणी ओतून, खराट्याने घासून धुतो. अमेरिकी नमुन्याचे जमिनीला टेकलेले कपाट आपल्या या सवयीपुढे टिकत नाही. ते भिंतीला टांगावे, खाली फूटभर मोकळे ठेवावे. पाटाच्या दोन आडव्या पट्ट्यांचे काम तेव्हा ती मोकळी जागा करते. दारांना वर-खाली फटी किंवा झडपा असाव्यात, म्हणजे वारा खेळतो.

आणि मग वाटणी. उंचीपासूनच तिला सुरुवात होते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात न्हाणीघराचा बारकाईने अभ्यास करणाऱ्या अलेक्झांडर किरा यांनी १९६६ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले की बेसिने बहुतेक माणसांसाठी फार खाली बसवलेली असतात. तोंड धुताना माणूस उगाच वाकतो. पण उंची वाढवली की घरातल्या बुटक्या माणसाचे कोपर पाण्याने भिजते आणि आरशात त्याला फक्त कपाळ दिसते. दोघांत वीतभर फरक असेल तर जेमतेम ८५ सेंटीमीटरवर ओटा ठेवून आरसा खालपर्यंत आणावा लागतो. बहुतेक घरांत ही बुटकी व्यक्ती बाई असते आणि माप देताना सुतारासमोर उभा राहतो तो पुरुष. मापे दोघांची घ्यावीत, इतकी साधी गोष्ट आहे. ती होत नाही, कारण ‘घराचे माप’ म्हणजे कोणाचे माप, हे आपण अजून विचारत नाही.

दोन बेसिनांना आरामात दीड मीटर लांबी लागते. बनशंकरीतल्या बहुतेक न्हाणीघरांत एवढी भिंत सापडत नाही. सापडली तरी दोन बेसिने म्हणजे कपाटाच्या पोटात नळ्यांचे दोन जंजाळ, आणि सामानाला जागा उरत नाही. एक बेसिन, त्याच्या दोन बाजूंना दोन स्वतंत्र खणांचे रकाने, ही रचना जास्त शहाणपणाची. पाणी आपल्याकडे नेहमीच सगळ्यांचे होते, ते वाटून घेता येते. वाटता येत नाही ती पेटी. रकान्यांतला एक पूर्ण तिचा, एक पूर्ण त्याचा. वरचा खण उथळ आणि कप्पे पाडलेला असावा, करंडा, फणी, काजळ यांच्या जुन्या मापाचाच, कारण लिपस्टिक आणि दाढीचे पाते यांनाही तळहाताएवढीच जागा लागते. खोल खणात लहान वस्तू ढिगाखाली जातात आणि ज्याचे सामान लहान त्याचे हरवते. एका खणाला कुलूप असावे. औषधांसाठी असावे असे सगळे म्हणतात आणि ते खरेच आहे. पण नवराबायकोच्या संसारातही एकमेकांपासून न लपवलेली आणि तरीही आपल्यापुरती ठेवलेली एखादी वस्तू असू शकते. फणेरपेटीच्या कडी-कोयंड्याला हे माहीत होते.

या कपाटाकडे चैन म्हणून पाहणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे निराधार नाही. ज्या शहरात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तिथे दोन नळांचा आग्रह अश्लीलच म्हणायला हवा. पण खणाच्या वाटणीला पाणी लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही. चाळीच्या फळीवरही दोन वेगळ्या डब्या ठेवता आल्या असत्या. प्रश्न ऐपतीपेक्षा आठवणीचा आहे. आपल्या घरांनी बाईला एकेकाळी एक पेटी दिली, तीही अटीवर. मग अट गेली आणि तिच्याबरोबर पेटीही गेली. केशवपन आज इतिहासजमा आहे. पण नवरा गेल्यावर सासूबाईंच्या आरशाखालची टिकल्यांची पाकिटे घरातल्या कोणीतरी ‘आता काय करायची’ म्हणून उचलून टाकली, असे प्रसंग आपल्या सुशिक्षित घरांतही घडतात, आणि टाकणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. खण तिचा आहे एवढे सगळ्यांना ठाऊक असेल तर तो रिकामा करायचा की नाही, हे तीच ठरवील.

सुतार पुन्हा विचारील, खण कोणाला किती? उत्तर द्यायला दोघांनी जावे. आणि व्हॅनिटीला मराठी शब्द हवाच असेल तर तो शोधायला लांब जायला नको. फणेरपेटी मोठी झाली, भिंतीला टांगली गेली आणि तिच्यात आता दोघांचे सामान राहते, एवढाच फरक.